‘राष्ट्रीय स्थानिक नियोजन’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : एका अनुवादित अहवालाचं शीर्षक आहे, ‘राष्ट्रीय स्थानिक नियोजन आणि नागरी प्रदेशांचा आर्थिक विकास’. एकाच दमात राष्ट्रीय आणि स्थानिक? मूळ शब्द ‘नॅशनल स्पेशियल प्लॅनिंग’ असावा. मराठीत काय म्हणावं?

– हिंदीची उसनवारी. हिंदी भूगोलात ‘स्थानिक’ म्हणजे स्पेशियल, कुठे काय वसावं याच्याशी संबंधित; आपल्याकडे स्थानिक म्हणजे तिथल्या तिथलं. मराठीत ‘अवकाशीय नियोजन’ लिहितात.

– लिहितात, पण वाचणाऱ्याला उपग्रह आठवतात! ‘प्रादेशिक नियोजन’ का नको? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६चा, म्हणजे शब्द चांगला मुरलेला आहे.

– प्रादेशिक नियोजन एका प्रदेशाच्या आत बघतं : शेती कुठे राखायची, रस्ता कुठून न्यायचा. इथे प्रश्न प्रदेशाप्रदेशांमधला आहे. फ्रान्समध्ये उद्योग, कचेऱ्या, नोकऱ्या सगळं पॅरिस ओढून घेत होतं. म्हणून १९६३मध्ये तिथे देशपातळीवर वेगळी यंत्रणा उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी ल्यों, मार्से, तुलूझ, बोर्दो असे आठ नगरसमूह पॅरिसला तोल म्हणून वाढवायचं ठरलं. जपानच्या १९६२च्या पहिल्या राष्ट्रीय आराखड्याचा रोखही तोक्यो-ओसाकाकडची गर्दी आवरून इतरत्र उद्योगकेंद्रं वसवण्यावर होता. देशातली गुंतवणूक कुठे उतरावी, हा यातला गाभा. नुसतं ‘प्रादेशिक’ म्हटलं की तो निसटतो. मी ‘अवकाशीय’च ठेवीन आणि पहिल्या उल्लेखाला एका ओळीत खुलासा करीन.

– आणि ‘नागरी प्रदेशा’ला ‘महानगर प्रदेश’ चालेल का?

– दरवेळी नाही. नेदरलँड्सचा रांडस्टाड घ्या. अ‍ॅमस्टरडॅममध्ये बँका, रॉटरडॅमला बंदर, हेगमध्ये सरकार, शिवाय उट्रेख्त. शहरांचं कडं आणि मधे बरीचशी शेतजमीन. यातलं ‘महानगर’ कुठलं? चौघांचा मिळून एक आर्थिक प्रदेश, पण मुख्य शहर असं कुणी नाही. ‘नगरप्रदेश’ म्हणा, त्यात एका शहराभोवतीचा प्रदेशही बसतो आणि असं कडंही. ‘नागरी’ मात्र नको, नागरी पुरवठा खात्यामुळे त्या शब्दाचा अर्थ आधीच दुभंगलाय.

– नगरप्रदेश मान्य. पण फ्रान्सचा दाखला देता, तर त्यांच्या शब्दात अवकाश नाहीच. ‘आमेनाजमाँ द्यु तेरित्वार’, म्हणजे सरळ भूभागाची मांडणी. मग ‘भूभाग-नियोजन’ म्हणायला काय हरकत आहे?

– याच अर्थाच्या जर्मन ‘राउमओर्डनुंग’मध्ये अवकाशच आहे हो, ‘राउम’ म्हणजे अवकाश. तरी ‘भूभाग-नियोजन’ कानाला बरं लागतंय. फक्त ‘भूवापर नियोजना’शी, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवण्याशी, गल्लत होणार, तेवढं सांभाळा.