ॲ-, ॲन-, डिस-, इन-: नकारार्थी उपसर्गांचे वैद्यकीय शब्द फोडायचे कसे?

करीरोड_जीएनएम

जीएनएमचं (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिलं वर्ष, बारावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात सांगितलं की शब्दाच्या सुरुवातीला ‘ॲ’ किंवा ‘ॲन’ आलं की ‘नाही’ असा अर्थ घ्यायचा. मग ॲनिमियाच्या पेशंटला रक्त असतंच की! ॲनाटॉमीत काय ‘नाही’? ॲपनिया आणि डिस्पनियात नेमका फरक काय? इन्सोम्नियात (झोप न येणे) ‘इन’ म्हणजे नाही, मग इन्फ्युजनमध्ये (सलाइनसारखं शिरेतून देणे) का नाही? नुसतं पाठ करून डोक्यात राहत नाहीये. फोडायची काही रीत आहे का?

परळ_पॅथलॅब

रीत आहे, आणि मराठीतून शिकलेल्यांना ती अर्धी आधीच येत असते. ग्रीक ॲ-/ॲन- आणि आपला अ-/अन्- ही सख्खी भावंडं. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन्: अशक्त, पण अनावश्यक. तसंच ॲफेब्राइल म्हणजे ताप नसलेला, पण ॲनिक्टेरिक म्हणजे कावीळ नसलेला, कारण इक्टेरस स्वराने सुरू होतो. मधला ‘ह’ पुष्कळदा गळतो: ॲन अधिक हाइमा, म्हणजे रक्त, मिळून ॲनिमिया. डिस- हा आपल्या दुस्-/दुर्-चा भाऊ. काम चालू आहे, पण बिघडलेलं किंवा त्रासाने.

शब्द मात्र मागून फोडायचा. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टवर खाली शेऱ्यात ‘ॲनायसोसायटोसिस’ दिसेल. ओसिस म्हणजे स्थिती, सायट म्हणजे पेशी, आयसो म्हणजे समान, ॲन म्हणजे नाही. नकार ‘समान’ला लागलाय, पेशींना नाही. पेशी भरपूर असतील, पण लहानमोठ्या. त्याच रिपोर्टवर आरडीडब्ल्यू (लाल पेशींच्या आकारातली तफावत) बघा, साधारण ११.५ ते १४.५ टक्क्यांच्या नॉर्मल पट्ट्याच्या वर गेलेला असेल. एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) नॉर्मल असला म्हणून हा शेरा सोडून देऊ नका. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या. दोन्ही एकाच वेळी कमी असतील तर सरासरी बरोबर मधे येऊन बसते आणि एमसीव्ही साळसूद दिसतो.

नकार नेमका कशाला लागलाय हे न बघितल्याने होणारा दुसरा घोळ: ॲस्पर्मिया म्हणजे वीर्यच येत नाही, ॲझूस्पर्मिया म्हणजे वीर्य आहे पण त्यात शुक्राणू नाहीत. दुसरं लिहिण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूज करून तळाचा गाळ मायक्रोस्कोपखाली बघावाच लागतो. थेट स्लाइडवर एकही दिसला नाही तरी गाळात थोडे सापडू शकतात, आणि मग तो ‘ॲ’ लिहिता येत नाही.

रात्रपाळी_सिस्टर

वरचं सगळं बरोबर, पण वॉर्डात खरी अडचण वेगळी असते. उपसर्ग दिशा सांगतो, किती ते सांगत नाही. ‘किती’ आकड्यातून येतं. ॲनिमिया म्हणजे रक्त शून्य नव्हे; हिमोग्लोबिन पुरुषात १३च्या खाली, गरोदर नसलेल्या बाईत १२च्या खाली. म्हणून मराठीत ‘रक्तक्षय’ किंवा ‘पंडुरोग’ म्हणतात, अरक्त म्हणत नाहीत.

ॲन्युरियाही तसाच. २४ तासांत १०० मिलिपेक्षा कमी लघवी झाली तरी ॲन्युरियाच म्हणतात. ऑलिग्युरिया म्हणजे ४०० मिलिपेक्षा कमी. तासाचा हिशेब किलोमागे ०.५ मिलि, म्हणजे ६० किलोच्या पेशंटला तासाला ३० मिलि तरी हवी. पण युरोबॅग (नळीतून लघवी साठवायची पिशवी) कोरडी दिसली म्हणून लगेच चार्टवर ‘ॲन्युरिया’ लिहू नका हं. आधी नळी पेशंटच्या मांडीखाली दबलीय का, पीळ बसलाय का, क्लॅम्प चुकून बंद राहिलाय का ते बघा. बॅग मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी. मग ओटीपोट चाचपा. फुगलेलं, टणक लागलं तर लघवी तयार होतेय, फक्त अडकलीय. ते रिटेन्शन. मूत्रपिंड लघवी जवळजवळ बनवतच नाही ते ॲन्युरिया. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे.

ॲपनिया म्हणजे श्वास थांबणे: मोठ्या माणसाच्या झोपेच्या तपासणीत किमान १० सेकंद, नवजात बाळात २० सेकंद, किंवा त्याहून कमी पण सोबत नाडी मंदावली अथवा सॅच्युरेशन पडलं तर. डिस्पनिया म्हणजे धाप. धाप लागलेला पेशंट तुटक का होईना, बोलतो.

फोनवर ऑर्डर घेताना दोन जोड्यांपासून सांभाळा. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त). डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. ‘जि’वालीत गिळायला त्रास, ‘झि’वालीत बोलायला. पहिलीच्या जागी दुसरी ऐकली आणि पेज भरवली तर अन्न श्वासनलिकेत जातं. मराठीत विचारून घ्या: “डॉक्टर, गिळायचा त्रास की बोलायचा?” कोणी हसलं तर हसू दे.

उपसर्ग_सर

फसवे शब्द राहिलेच की. ॲनाटॉमीत ॲन नाहीच, ‘ॲना’ आहे: वर, मागे, पुन्हा, सर्वत्र अशा अर्थाचा वेगळा उपसर्ग. ‘टॉम’ म्हणजे कापणे. ॲनाबॉलिझममध्येही तोच ॲना. ॲन्युरिझम बघून पोरं हमखास ‘मज्जातंतू नाही’ लिहितात. तोही ॲना आहे, पुढे ‘रुंद’. रक्तवाहिनी रुंदावून फुगलेली. अँजायना लॅटिनच्या आवळण्यावरून, अमीबा ग्रीकच्या बदलण्यावरून. दोघांत नकार औषधालाही नाही.

‘इन’ हे लॅटिनमधले दोन वेगळे तुकडे, दिसायला जुळे. एक नाही, एक आत. इन्सोम्निया, इनकॉन्टिनन्स (लघवी रोखता न येणे), इन्फर्टिलिटी नकाराचे. इन्फ्युजन, इंजेक्शन, इन्सिजन आतले. ओळखायची सोपी युक्ती: पुढचा तुकडा एखादी क्रिया असेल (ओतणे, फेकणे, कापणे) तर बहुधा ‘आत’, गुण किंवा अवस्था असेल तर बहुधा ‘नाही’. नॉन-इन्व्हेझिवमध्ये तर इन आतला आणि नकाराचं काम नॉनकडे. इनचा न पुढच्या अक्षराला शरणही जातो: इम्पोटन्स, इर्रिड्युसिबल (परत आत न ढकलता येणारा) हर्निया.

डी- सुद्धा तपासून घ्या. डिहायड्रेशनमध्ये तो ‘काढून टाकणे’, पण डेक्युबिटसमध्ये ‘खाली’, झोपून राहणे. डिफिब्रिलेशन मात्र नीट फोडलं तर उपचारच सांगतं: फिब्रिलेशन (हृदयाचं विस्कळीत थरथरणं) घालवणे. असिस्टोलमध्ये हृदयाचं आकुंचनच नाही, घालवायला फिब्रिलेशनही नाही, म्हणून तिथे शॉक देत नाहीत. सीपीआर आणि ॲड्रिनलिन. मॉनिटरवर सपाट रेघ आली तर लीड (छातीला लावलेली तार) सुटली नाही ना, गेन (रेघेची उंची ठरवणारं सेटिंग) कमी नाही ना, तेही बघायचं, पण सीपीआर न थांबवता.

अँटी विरुद्ध, अँटे आधी. अँटेनेटल ओपीडीला ‘प्रसूतिविरोधी’ म्हणू नका म्हणजे झालं.

करीरोड_जीएनएम

सगळ्यांचे आभार. उपसर्ग_सर, पावसाळ्याच्या पोस्टिंगला मलेरिया-डेंग्यू खूप असतात. ॲनोफिलीस आणि एडिस या नावांतही हेच आहे का?

उपसर्ग_सर

दोन्हींत. ही नावं जर्मन कीटकशास्त्रज्ञ माइगेनने १८१८ मध्ये ठेवली. ॲनोफिलीस म्हणजे ॲन अधिक ‘उपयोग’, बिनकामाचा. एडिस म्हणजे ॲ अधिक ‘सुख’, नकोसा. एडिसमध्ये स्वरापुढे ॲन का नाही, असं विचाराल. तो मूळ शब्द एके काळी ‘स्व’ने सुरू व्हायचा, आपल्या स्वादूचाच नातलग. पुढे स्व झिजला, उपसर्ग मात्र जुन्या रूपातच राहिला. मुंबईतला ॲनोफिलीस स्टीफेन्सी गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाक्यांत, विहिरींत वाढतो. एडिसला घरातली कुंडीखालची ताटलीही पुरते.

परळ_पॅथलॅब

एक राहिलं. एचआयव्हीच्या रिपोर्टवर ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ येतं, ते पेशंटला ‘तुम्हाला संसर्ग नाही’ असं सांगून मोकळं होऊ नका. या नमुन्यात चाचणीची प्रतिक्रिया उमटली नाही, एवढंच तो शब्द म्हणतो. संसर्ग अलीकडे झाला असण्याची शक्यता असेल तर नुसती अँटिबॉडी शोधणारी चाचणी विंडो पिरियडमध्ये (संसर्गानंतर अँटिबॉडी दिसू लागेपर्यंतचा काळ), साधारण तीन महिन्यांपर्यंत, कोरी येऊ शकते. पुन्हा कधी तपासायचं ते आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राच्या) समुपदेशकाकडून ठरवून घ्यायला सांगा.