संस्था चालवताना : नोंदणीनंतरचे अनुभव

संस्था काढणे तुलनेने सोपे असते. सात सदस्य जमले, घटना-नियमावली तयार झाली आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी झाली की ती उभी राहते. महाराष्ट्रात त्यापाठोपाठ धर्मादाय कार्यालयातही नोंद होते. पुढची दहा-वीस वर्षे ती चालवणे कसे असते, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून विश्वस्त, कार्यकर्ते, हिशेब पाहणारे आणि देणगीदार अशा सर्वांनी आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. संस्थेचे नाव नको, घडले ते सांगावे.

हंगामी वसतिगृह, बीड जिल्हा

आमच्या भागातील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या काळात मुलांची शाळा सुटू नये, म्हणून आम्ही गावातच वसतिगृह चालवतो. मुलांना भूक नोव्हेंबरपासून लागते, तर कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीचे पैसे फेब्रुवारीअखेर हाती येतात, कारण आर्थिक वर्ष संपत आले की मगच तिकडे खर्चाची घाई सुरू होते. मधले महिने किराणा दुकानदाराच्या उधारीवर निघतात. एका वर्षी उधारी सव्वा लाखावर गेली, तेव्हा त्याने तेलाचा डबा देणे थांबवले आणि आठ दिवस मुलांनी बिनफोडणीचे वरण खाल्ले.

पुढच्या वर्षी आम्ही पालकांच्या बैठकीत सगळा हिशेब फळ्यावर मांडला. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, अंगावर असलेल्या माणसांकडे पैसे मागण्याचा प्रश्नच नव्हता आणि ते आम्ही मागितलेही नाहीत. तरीही गाड्या निघायच्या आदल्या दिवशी एका आजीने अर्धे पोते ज्वारी ओट्यावर आणून टेकवली आणि दिवेलागणीपर्यंत सात पोती जमली. तेव्हापासून भाकरी करपली की आजी मंडळी आम्हाला सुनावतात. या कामातून मला मिळालेला सर्वांत मोठा लाभ हाच आहे, कारण तोपर्यंत वसतिगृह केवळ आमचे होते.

कोषाध्यक्ष, सातारा

मी मुळात शिक्षिका. हे पद अंगावर आले ते एका बैठकीला उशिरा पोचल्यामुळे. आमचे एक विश्वस्त वारले. त्यांच्या जागी दुसरे घेतले, ठराव झाला, इतिवृत्तावर सह्या झाल्या, पण धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत द्यायचा बदल अर्ज राहून गेला. तीन वर्षांनी बँकेने सह्यांचे अधिकार बदलण्यासाठी परिशिष्ट एकचा, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या धर्मादाय कार्यालयातील नोंदीचा, उतारा मागितला, तर त्यात वारलेल्या गृहस्थांचेच नाव होते. विलंबमाफीचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि जुन्या सभेची सूचना पोचल्याचा पुरावा गोळा करताना लक्षात आले की सूचना आम्ही तोंडीच दिली होती. प्रकरण मार्गी लागायला चौदा महिने लागले आणि खात्यात पैसे असूनही तेवढा काळ बालवाडीताईंचे मानधन अध्यक्षांनी आणि मी पदरचे दिले.

देणगीदारांनाही एक सांगावेसे वाटते. ८०जी म्हणून ओळखली जाणारी देणगीवरील आयकर सवलत देणाऱ्या संस्थेला २०२१-२२ पासून देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला कळवावा लागतो, तेव्हा पॅन मागितल्यावर रागावू नये. दोन हजारांहून अधिक रोख देणगीला सवलत नाही, हेही पावती फाडण्यापूर्वी सांगावे लागते आणि ते ऐकून माणूस उरलेल्या नोटा पुन्हा खिशात ठेवतो. (याचे मला आता वाईट वाटत नाही.) या कागदांना मीही पूर्वी नावे ठेवत असे. पण ऐन निवडणुकीत आमच्या हिशेबाविषयी गावात अफवा उठली, तेव्हा सहा वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मी ग्रामसभेत टेबलावर ठेवले आणि तो विषय तिथेच मिटला.

देणगीदार, न्यू जर्सी

भारतीय पारपत्र होते तोवर मी गावाकडच्या संस्थेला स्वतःच्या बचतीतून पैसे पाठवत असे. पुढे नागरिकत्व बदलले, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळते ते) मिळाले आणि जुन्याच सवयीने रक्कम पाठवली. पण कायद्याने ती आता विदेशी अंशदान ठरली होती आणि संस्थेकडे त्यासाठीची नोंदणी नव्हती. सचिवकाकांनी ती परत पाठवली आणि फोनवर म्हणाले, ‘‘तू आमचाच आहेस रे, तुझा डॉलर तेवढा परका झाला.’’ आता मी त्यांचे इंग्रजी प्रस्ताव लिहून देतो.

प्रकल्प समन्वयक, पुणे

संगणकासाठी पैसे मिळतात, तो शिकवणाऱ्या ताईच्या पगारासाठी मिळत नाहीत. आमच्या एका केंद्रातील बारा संगणक दोन वर्षे प्लास्टिकच्या आवरणातच होते. यापुढे लिहिण्यासारखे काही नाही.

माजी सचिव, रत्नागिरी जिल्हा

बावीस वर्षे चालवलेली अभ्यासिका आम्ही बंद केली, तो अनुभव लिहितो. मुले मुंबई-पुण्याला गेली आणि विश्वस्तांत सर्वांत तरुण मी, ६४ वर्षांचा. संस्थेची मालमत्ता सदस्यांना वाटून घेता येत नाही, ती समान उद्देशाच्या संस्थेकडे जावी लागते; त्यामुळे ठराव आणि परवानग्या यांत दीड वर्ष गेले. अखेर दापोलीकडच्या एका संस्थेचा टेम्पो आला. नऊ कपाटे, चाळीस खुर्च्या आणि पुस्तके चढवली. जुने हजेरीपट त्यांना नको होते, ते मी घरी आणले. पहिल्याच हजेरीपटात नाव असलेला एकजण दुकान बंद ठेवून सामान बांधायला आला होता. दोरी आवळता आवळता त्याने विचारले, तिकडे रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते? टेम्पोबरोबर आलेला माणूस साडेनऊ म्हणाला. आमचे अकरापर्यंत असे.