एनबीए: तुम्ही संघाचे की खेळाडूचे? ऐन हंगामातले अनुभव

रिंगणाबाहेर (धागाकर्ता)

हंगामातल्या ८२ पैकी चाळीसेक सामने झाले की एनबीए (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) पाहणाऱ्यांच्या घरात हवा पालटते. नोव्हेंबरात "अजून सुरुवात आहे" म्हणून सारवासारव चालते, एप्रिलमध्ये काय तो निकाल समोर असतो. जानेवारी-फेब्रुवारी मात्र निव्वळ भांडणाचे. एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) कोण, कोणाला विकायचं, सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या प्ले-इनसाठी, म्हणजे प्लेऑफच्या बाद फेऱ्यांत शिरायच्या शेवटच्या संधीसाठी, धडपडायचं की सरळ हरत जाऊन ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) वरचा नंबर पदरात पाडून घ्यायचा. ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, शेवटची तारीख जवळ आली की दर पाच मिनिटांनी फोन बघणं आलंच.

परवा आमच्या कंपूत याच्यावरून जेवणं थंड झाली. एक जण म्हणाला, "मी लेब्रॉन जेम्सचा माणूस. तो क्लीव्हलँडला तर मी क्लीव्हलँडचा, तो लेकर्सला तर मी लेकर्सचा." दुसरा म्हणाला, याला चाहता नाही म्हणत, सामानाबरोबर फिरणारा हमाल म्हणतात. पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

तर सांगा, तुम्ही कोणाचे? नुसती मतं नकोत, ती ढिगाने आहेत. निवड करायची वेळ तुमच्यावर कधी आली, ते लिहा.

सत्त्याहत्तर

डॅलसला राहतो, एवढं सांगितलं तरी पुरे. पण लिहितोच.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. रात्रीचे सव्वाअकरा झाले असतील. भांडी घासायच्या मशीनमध्ये ताटं लावत होतो आणि ओट्यावरचा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. आमच्या डॅलस मॅव्हरिक्सचा हिरा लुका डोन्चिच लेकर्सला, बदल्यात त्यांचा अँथनी डेव्हिस आपल्याकडे. बातमी एनबीएचा पत्रकार शॅम्स शरानियाची. बायको म्हणाली, "त्याचं अकाउंट हॅक झालं असणार." मला पटलं. पंचवीस वर्षांचा पोरगा, आठ महिन्यांपूर्वी संघाला फायनलपर्यंत घेऊन गेलेला, त्याला कोण देऊन टाकतं? मग शॅम्सनेच पुन्हा लिहिलं की हो, हे खरं आहे. एक ताट तसंच हातात राहिलं.

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. लुकाची ७७ नंबरची निळी जर्सी घालूनच झोपायचा. त्याला मी कायम डर्क नोविट्स्कीची गोष्ट सांगायचो: २१ हंगाम, एकच संघ, स्टेडियमबाहेर पुतळा. आपल्याकडे माणसं अशी राहतात, असं वर छातीठोक सांगायचो. सकाळी त्याला काय सांगणार? दुपारपर्यंत टाळलं. शेवटी शेजारच्या पोराने सांगितलं. तो रडला नाही. फक्त विचारलं, "त्याला माहीत होतं?" नव्हतं माहीत, लुकालाही.

त्या दिवशी लोक स्टेडियमबाहेर फुलं ठेवून आले, कोणी तर शवपेटीही आणली होती. एरवी मी अशा नाटकांना हसलो असतो.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. डेव्हिस पहिल्याच सामन्यात २६ गुण, १६ रिबाउंड (हुकलेले फटके झेलणं) असा खेळला, आम्ही जरा सावरलो, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो जांघ धरून आत गेला. मार्चमध्ये कायरी अर्व्हिंगचा गुडघा गेला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

आणि ९ एप्रिल. लुका पाहुणा म्हणून आला. सामन्याआधी त्याची चित्रफीत लावली, तो बाकावर बसून टॉवेलने डोळे पुसत होता. नंतर उठला आणि आम्हालाच ४५ गुण ठोकले, त्यातले ३१ मध्यंतराच्या आत. प्रत्येक बास्केटला डॅलसचं स्टेडियम उभं राहत होतं. मीही. तिसऱ्यांदा उभा राहिलो तेव्हा मुलाने बाही ओढली आणि विचारलं, "बाबा, आपण नक्की कोणाकडून आहोत?"

उत्तर देता आलं नाही. पॉपकॉर्न आणायला गेलो.

उंचावर_धाप

डेन्व्हर, समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. आमच्याकडे निवडीचा प्रश्नच नाही, निकोला योकिच म्हणजेच संघ. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडलेला माणूस, त्याचं नाव आलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. तो गेला तर मी बास्केटबॉल सोडून बुद्धिबळ बघेन.

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. माझे दाजी फिलाडेल्फियाचे, तिथल्या जोएल एम्बिडचे भक्त. जानेवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियात एम्बिडने आमच्यावर ४७ गुण मारले, तेव्हा दाजींनी मला व्हिडिओ कॉल करून फक्त चेहरा दाखवला. काही बोलले नाहीत. मे महिन्यात एमव्हीपीही त्यालाच मिळाला. जूनमध्ये आम्ही विजेते झालो तेव्हा मी पण चेहरा दाखवला.

आता जानेवारी २०२४. २२ तारखेला एम्बिडने सॅन अँटोनिओविरुद्ध ७० गुण केले. सत्तर! २७ ला तो डेन्व्हरला येणार होता, मी तिकीट काढलं. सामना सुरू व्हायच्या जरा आधी जाहीर झालं की गुडघा दुखतोय, खेळणार नाही. २०१९ नंतर तो डेन्व्हरमध्ये खेळलाच नव्हता. सगळं स्टेडियम चिडवत होतं. मी दाजींना लिहिलं, "तुमचा राजा उंचीला घाबरतो." वर हसणारी सात तोंडं.

तीन दिवसांनी तो गोल्डन स्टेटविरुद्ध खेळला. चालताना लंगडतोय हे टीव्हीवरसुद्धा दिसत होतं. चौथ्या क्वार्टरमध्ये एक खेळाडू नेमका त्याच्या त्याच पायावर पडला. मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) दुखावला, शस्त्रक्रिया, हंगामात एकूण ३९ सामने. त्या रात्री ताईचा फोन आला, "आज यांना काही पाठवू नकोस." पाठवणार नव्हतोच. आधी पाठवलेलं मागे घ्यायचं होतं, पण दोन निळ्या खुणा येऊन तीन दिवस झाले होते.

हौशी_कोच

@उंचावर_धाप, त्यात ६५ सामन्यांच्या नियमाचाही हात होता असं माझं मत. त्याच हंगामापासून एमव्हीपी किंवा ऑल-एनबीए संघासाठी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंची मानाची यादी) किमान ६५ सामने बंधनकारक झाले. दुखतंय म्हणून बसावं तर बक्षीस जातं, खेळावं तर गुडघा जातो.

वरची_रांग

कोच, नियम हवाच होता हो. मी आईवडिलांना आयुष्यात पहिल्यांदा सामना दाखवायला नेलं होतं. कोणाला बघायला, ते नाव लिहीत नाही, नाहीतर इथेच जुंपेल. दुखापत नाही, काही नाही, "विश्रांती". तो महागड्या कोटात बाकावर बसून हसत होता. आई दुर्बीण डोळ्याला लावून म्हणाली, "देखणा आहे गं. पण खेळणार कधी?" खालच्या रांगेतल्या एका माणसाने तिला मस्कॉटबरोबर फोटो काढून दिला, तोच आता तिच्या फ्रिजवर आहे.

अठ्ठावीस

डेट्रॉइट पिस्टन्स. हसून घ्या आधी.

२०२३ च्या हंगामात पहिल्या तीनपैकी दोन जिंकलो. मग २८ हरलो. ओळीने. एका हंगामातला तो विक्रम आहे. खेळाडूंसाठी बघत होतात का म्हणाल, तर केड कनिंगहॅम होता, पण खरं सांगू, दहाव्या पराभवानंतर मी सवयीने बघत होतो, जसं पडणाऱ्या दाताला जीभ लावत राहतो तसं. अठ्ठाविसावा बॉस्टनमध्ये. मध्यंतराला आम्ही १९ गुणांनी पुढे! मी मित्रांना फोन केले, तीच चूक. ओव्हरटाइममध्ये हरलो.

३० डिसेंबरला टोरंटोला १२९-१२७ हरवलं. जिंकल्यावर काय करायचं ते विसरलो होतो, दिवे बंद करून झोपलो. त्या हंगामात एकूण १४ विजय, पुढच्या हंगामात ४४. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कला त्यांच्याच घरी हरवलं तो आमचा २००८ नंतरचा पहिला प्लेऑफ विजय. आता ऑफिसातले तीन जण "मी लहानपणापासून पिस्टन्सचा" म्हणतात. त्या डिसेंबरात कुठे होतात रे?

पावसातला_हिरवा

सिएटल. खेळाडू की संघ विचारताय, आमचा संघच २००८ मध्ये बिऱ्हाड उचलून ओक्लाहोमा सिटीला गेला. ड्युरांटचं पहिलं वर्ष आम्ही बघितलं, पुढचं त्यांनी. सॉनिक्स हे नाव आणि रंग तेवढे इथेच राहिले.

२०२५ मध्ये ओक्लाहोमाने विजेतेपद जिंकलं. त्यांचा शे गिल्जस-अलेक्झांडर मला प्रचंड आवडतो, तो खेळताना घाईत आहे असं कधी वाटतच नाही. फायनलचा सातवा, निर्णायक सामना आवाज बंद करून पाहिला. का, ते विचारू नका.

कोपऱ्यातला_तीन

मी बॉस्टनचा, त्यामुळे मला इथे दुःख सांगायची परवानगी नसेल. एकच तक्रार. २०२४-२५ मध्ये आमच्या संघाने दोन गुणांच्या फटक्यांपेक्षा लांबूनचे तीन गुणांचेच फटके जास्त मारले, सामन्याला सरासरी ४८. लागले की दिवाळी, नाही लागले की वडील टीव्हीला उद्देशून "अरे आत जा, आत!" म्हणत अख्खी संध्याकाळ काढतात. यात संघ की खेळाडू काही नाही, विषयांतराबद्दल क्षमस्व.

रिंगणाबाहेर

विषयांतर चालेल, वडिलांना माझा पाठिंबा कळवा. @सत्त्याहत्तर, एक राहिलंच. मुलाचं शेवटी काय झालं? कोणाकडून आहे तो?

सत्त्याहत्तर

पॉपकॉर्न घेऊन आलो तेव्हा तो सामना बघण्यात गुंगला होता, उत्तराची गरज उरली नव्हती. मे महिन्यात १.८ टक्के शक्यता असताना आम्हाला ड्राफ्टचा पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग आला. मुलाने वाढदिवसाला त्याची ३२ नंबरची जर्सी मागितली. मला वाटलं, चला, सुटलो. ७७ मी घडी करून वरच्या कप्प्यात ठेवली.

गेल्या आठवड्यात सामन्याला गेलो होतो. स्टेडियममध्ये उकडत होतं, त्याचा चेहरा लालबुंद. म्हटलं, जॅकेट काढ की. काढलं. वर ३२, आणि गळ्याजवळ आतून दुसरी एक निळी कड दिसत होती. मी खुर्ची घेऊन वरचा कप्पा उघडून बघणार नाहीये.