मडगावच्या लग्नाचं विमान (सोसायटी ग्रुप)

कुलकर्णी काका, बी-४०३: मुंबई–डाबोळी (गोव्याचा जुना विमानतळ) सरळ रेषेत ४२५ किमी. विमान ताशी ८००. म्हणजे बत्तीस मिनिटं. तिकिटावर १ तास २० मिनिटं कसली? तिकिटं काढणाऱ्यांनी विचारलं का कुणाला?

निखिल, ए-१०१: काका, ८०० हा वरच्या उंचीवरचा वेग. उतरताना दर हजार फुटांना साधारण साडेपाच किमी लागतात. २८ हजारांवरून निघालं तर दीडशे किमी नुसती उतरण. चढायलाही जवळपास तेवढंच. सरळ पळायला उरलं काय? त्यात १० हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी ४६०.

देसाई वहिनी, सी-२०२: गोव्यात विमानतळ दोन. तिकिटावर मोपा आहे की डाबोळी ते आधी बघा. कालही टाकलं होतं.

कुलकर्णी काका: ठीक. हवेत पाऊण तास धरू. वरची पस्तीस मिनिटं?

निखिल: ती वेळ गेट ते गेट असते. चाकांचे अडसर काढल्यापासून परत लावेपर्यंत. मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो. पुशबॅक (गेटवरून विमान मागे ढकलणं) होऊन रांगेत लागण्यात पंधरा-वीस मिनिटं सहज. येताना वर घिरट्या. कंपन्या हे धरूनच वेळ छापतात, म्हणून तर कधीकधी "वेळेआधी" पोचतात.

शिंदे, बी-६०१: बी विंगची लिफ्टपण घिरट्या घालते 😄

राणे (सेक्रेटरी): लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये. मेंटेनन्स कुणाचा थकलाय ते इथे लिहीत नाही.

शिंदे: लिहा की साहेब. आम्ही घाबरतो का?

देसाई वहिनी: पुन्हा टाकते. तिकिटावरचा कोड बघा: जीओआय = डाबोळी, जीओएक्स = मोपा. हॉल मडगावला. मोपा पेडण्यात, उत्तर टोकाला. हवेत चाळीसेक किमी वाचतात, म्हणजे तीन-चार मिनिटं. पुढे टॅक्सीत डाबोळीपेक्षा तासभर जास्त.

फडके, सी-५०४: त्यापेक्षा वंदे भारत. ठाण्याला चढा, दुपारी एकच्या सुमारास मडगाव. पावसाळ्यात मात्र वेळापत्रक बदलतं, गाडी बरीच हळू.

कुलकर्णी काका: विमान सोडून रेल्वे?

फडके: हिशेब करा ना. डोंबिवली ते सहार विमानतळ दीड तास. चेक-इन काउंटर तासभर आधी बंद, गेट २५ मिनिटं आधी, म्हणून दोन तास आधी पोचायचं. उड्डाण १:२०, बॅगा २० मिनिटं, टॅक्सी पाऊण तास. झाले सहा. गाडीलाही ठाण्याहून सातच्या वर, पण बॅग डोळ्यांसमोर.

शिंदे: आणि लिफ्ट लागत नाही.

देसाई वहिनी: राणे भाऊजी, जीओआय की जीओएक्स? तिसऱ्यांदा विचारतेय.

राणे (सेक्रेटरी): जीओएक्स दिसतंय. स्वस्त होतं, आणि त्या वेळी कुणी काही बोललं नाही.

देसाई वहिनी: 🙏

निखिल: मोपाहून कदंबची (गोवा सरकारची) बस पणजीमार्गे मडगावला जाते. वेळा आधी बघून ठेवा. नाहीतर सगळ्यांना मिळून एक टेम्पो ट्रॅव्हलर सांगा, विमानतळावर सुटी टॅक्सी महाग पडते.

राणे (सेक्रेटरी): ट्रॅव्हलरचे पैसे वेगळे द्यावे लागतील.

शिंदे: वाटलंच.