चाळिशीनंतरचा फिटनेस दाखला: आरटीओच्या तालुका शिबिरात तपासणीची पेटी न्यावी का?

कृष्णाकाठची

चाळिशी ओलांडली की लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा नमुना १-अ, म्हणजे फिटनेस दाखला, लागतो. व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याला तो कोणत्याही वयात लागतो. त्यातले प्रश्न एकदा नीट वाचून बघा. २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येते का, तीव्र रंगांधळेपणा आहे का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, हातापायात व्यंग आहे का. उत्तरं हो किंवा नाही. उजवा पाय ब्रेकवर किती वेळात पडतो आणि किती जोराने पडतो, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे. पक्षाघातातून उठलेले, गुडघा बदललेले, वीस वर्षं मधुमेह असलेले लोक माझ्याकडे येतात. सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, गाडी कधीपासून चालवू?" आणि त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी चेहरा बघून दिलं जातं. हे मला आता सहन होत नाही.

चेहरा न बघता हे मोजायला लागणारी साधनं एका पेटीत भरून गाडीच्या डिकीत मावतात. घडीच्या चौकटीवर अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक, त्यांच्याखाली दाब मोजणारा सेन्सर, समोर एक दिवा. दिवा लागल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा वेळ मोजायचा. स्टिअरिंगसारखं चाक, ते फिरवायला लागणारं बळ सांगणारं. हाताची पकड मोजायचा डायनॅमोमीटर. नजर तपासायचं साधन आणि रंगांधळेपणाचे तक्ते. शिवाय तळव्याला टेकवायचा १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू. मधुमेहात पायाची संवेदना गेली आहे का, हे त्याने दोन मिनिटांत कळतं. ज्याला तळव्याखालचं पॅडल जाणवत नाही, त्याच्या हातात आज आपण नमुना १-अ वर सही करून देतो.

ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय अर्धा सेकंद उशिरा पडला तर ११ मीटर जास्त. म्हणजे साधारण एका एसटी गाडीची लांबी.

माझी मागणी: तालुक्याच्या गावी आरटीओचं मासिक शिबिर भरतं, तिथे ही पेटी आणि ती वापरता येणारा माणूस असावा. कुणालाही जागेवर नापास करायचं नाही. निकाल तीनच: ठीक आहे, पुढच्या तपासणीला पाठवा, किंवा गाडीत बदल करून चालवा.

घाटमाथा_६३

तीव्र असहमत.

मी अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला, आता मुलगा चालवतो. आम्हा लोकांना दर पाच वर्षांनी लायसन्स नवं करावं लागतं. दर वेळी एक दिवस बुडतो. तुम्ही म्हणता "पुढच्या तपासणीला पाठवा". पुढे म्हणजे कुठे? जिल्ह्याला? तिथे तारीख कधीची मिळणार? तोवर गाडीचा हप्ता कोण भरणार? डॉक्टर बाईंना "पाठवा" हा एक शब्द आहे. ड्रायव्हरच्या घरी तो महिनाभराचा पगार असतो.

आणि घाट उतरताना काय लागतं ते पॅडलच्या खेळात दिसत नाही. खंडाळा किंवा कात्रज उतरताना चांगला ड्रायव्हर ब्रेकवर पाय पडायची वेळच येऊ देत नाही, तो आधीच खालच्या गिअरवर आलेला असतो. पंचविशीतला पोरगा तुमच्या दिव्याला माझ्या दुप्पट वेगाने पाय मारेल. पण वळणाआधी सावध कोण होईल, हे त्या यंत्राला विचारा.

रात्रपाळी

घाटमाथांशी सहमत, आणि अजून एक. मी रात्रीची खासगी बस चालवतो. पहाटे तीन ते पाच डोळा लागतो, त्याने माणसं मरतात. सकाळी दहाला झोप पूर्ण झालेला माणूस पॅडलवर पाय ठेवून दाखवेल आणि पास होईल. पैसा खर्चच करायचा असेल तर चालकांना झोपायला हायवेवर जागा बांधा.

डॉ_बालाघाट

मी ग्रामीण भागात जनरल प्रॅक्टिस करतो आणि नमुना १-अ भरतो. आता तो सारथी या लायसन्सच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर आमच्या नोंदणीने भरला जातो, त्यामुळे जबाबदारी थेट माझ्या नावावर येते. म्हणून हे मनापासून लिहितो.

पेटीला माझा विरोध नाही. पेटीतून निघालेल्या आकड्याला कायद्याचं वजन देण्याला आहे. नमुन्यातल्या २५ मीटरच्या नंबर प्लेटला निदान एक ठरलेली रेषा आहे. ब्रेकच्या वेळेला आपल्या नियमात अशी रेषाच नाही. मग ती कोण आखणार? पहिल्या खेपेला दिवा कधी लागेल याचा अंदाज नसतो, चौथ्या खेपेला असतो; नुसत्या सरावाने आकडा सुधारतो. वयस्कर बाई आयुष्यात पहिल्यांदा सेन्सरवाल्या पॅडलसमोर बसली की घाबरून हळू होते. टेबलाखाली ठेवलेलं पॅडल म्हणजे गाडी नव्हे.

शिवाय या पेटीला न दिसणारे आजारच मला जास्त भीतीदायक वाटतात. फिट्स. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक उतरणं. झोपेत श्वास अडखळणं, ज्याने दिवसा डुलक्या लागतात. पक्षाघातानंतर डाव्या बाजूची जाणीवच न राहणं. या माणसाचा उजवा पाय उत्तम असतो, ब्रेक झटक्यात मारतो, फक्त डावीकडून येणारा सायकलवाला त्याला दिसतच नाही. पेटी त्याला "ठीक आहे" म्हणेल, आणि त्या शिक्क्याने घरच्यांची उरलीसुरली शंकाही जाईल.

कृष्णाकाठची

डॉक्टर, डाव्या बाजूचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच पेटीबरोबर माणूस हवा असं लिहिलं. कागदावरची एक रेघ मधोमध दुभागायला सांगितली किंवा ओळीतली चिन्हं खोडायला दिली, तरी त्या रुग्णाचा बराच अंदाज येतो. त्याला वीजही लागत नाही.

पण "रेषा नाही म्हणून मोजू नका" हे मला पटत नाही. रक्तदाब मोजायला लागल्यावरच त्याच्या रेषा ठरल्या. आज गुडघा बदललेल्या माणसाला कुणी चार आठवडे सांगतं, कुणी सहा, कुणी तीन महिने. उजवा गुडघा बदलल्यावर बऱ्याच जणांचा ब्रेकचा वेळ चार ते सहा आठवड्यांत शस्त्रक्रियेआधीच्या पातळीवर येतो, पण सगळ्यांचा येत नाही. समोरचा माणूस त्यातला कोणता, हे मोजल्याशिवाय कसं कळणार? त्याची तुलना विशीतल्या पोराशी करायचीच नाही. त्याच्याच आधीच्या आकड्याशी करायची.

घाटमाथा दादा, तुमचा खालचा गिअर मला पूर्ण मान्य आहे. पण वाहनाला मान्यता देताना कारच्या ब्रेक पॅडलवर ५०० न्यूटनपर्यंत बळ गृहीत धरतात, जड वाहनाला ७००. ५०० न्यूटन म्हणजे जवळपास ५० किलोचा दाब. रोज एवढा लागत नाही, कारमध्ये पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आणि जड वाहनात हवेचा दाब काम करतात. कारचं इंजिन उतारावर बंद पडलं की दोन-चार दाबांत बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पॅडल दगड होतं. त्या क्षणी अनुभव कामाला येतोच, पण पायात जोरही लागतो.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये पुनर्वसन विभागात काम करते, मूळची नाशिकची. इकडची पद्धत सांगते, कारण दोन्ही बाजूंना त्यातून काहीतरी मिळेल.

इथे नजरेची अट २० मीटरवरच्या नंबर प्लेटची. सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करायचं, पण तेही स्वतःच्या कबुलीवर, सरसकट तपासणी नाही. शंका असेल तर माणूस वाहनक्षमता तपासणी केंद्रात जातो. तिथे खुर्ची, स्टिअरिंग आणि पॅडल लावलेला सांगाडा असतो, त्यावर वेळ आणि बळ मोजतात. पण निर्णय तिथे थांबत नाही. त्यानंतर दुहेरी नियंत्रणाच्या गाडीत बसवून बाहेर नेतात, शेजारी प्रशिक्षक, मागे थेरपिस्ट. सांगाड्याचा खरा उपयोग गाडीत कोणता बदल हवा हे ठरवायला होतो: डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर, हाताने ढकलायचा ब्रेक, की स्टिअरिंगला मूठ.

त्यामुळे डॉ_बालाघाट यांचं बरोबर आहे, रस्त्यावर नेल्याशिवाय "नाही" म्हणू नये. कृष्णाकाठची यांना माझा प्रश्न: शिबिरातून पुढे पाठवलेल्या माणसाला रस्त्यावर कोण नेणार?

चाके_चार

मला उजव्या पायाला पोलिओ आहे. इथे सगळे "पेटीमुळे कुणाचं लायसन्स जाईल" यावर बोलत आहेत. माझं लायसन्स पेटी नसल्यामुळे तीन वर्षं अडलं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की अनुरूप बदल केलेलं वाहन चालवायला जो सक्षम आहे त्याला लायसन्स देता येतं. तरी दोन डॉक्टरांनी माझा कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्टी, बघितला आणि पेन खाली ठेवलं. एकानेही विचारलं नाही की गाडी कशी आहे. गाडी ऑटोमॅटिक आहे, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालतात, माझ्या हातात भरपूर जोर आहे. त्या दिवशी तिथे कुणी माझ्या हाताचा दाब आणि वेळ मोजून कागदावर लिहिला असता, तर त्या कागदाच्या बळावर मी भांडले असते. नजरेने केलेला निकाल खोडता येत नाही. आकडा खोडता येतो, पुन्हा मोजा म्हणता येतं.

रंगांधळ्या लोकांचं असंच झालं. सरसकट "नाही" होतं. जून २०२० मध्ये नियम बदलला आणि सौम्य-मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना मिळू लागला. किती आहे हे मोजायचं ठरवलं, म्हणूनच ना?

घाटमाथा_६३

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ थांबलो. ज्याला मागायची आहे त्याला ही तपासणी मिळालीच पाहिजे, यावर माझं काही म्हणणं नाही. माझा विरोध सक्तीला आहे. आज तुमचा हक्क म्हणून आलेली पेटी उद्या शिबिराबाहेर एजंटच्या हातात जाते. "पाचशे द्या, वेळ बरोबर येईल." नमुना १-अ चं जे झालं तेच पेटीचं होईल, फक्त दर वाढेल.

कृष्णाकाठची

लीड्सकर, आज रस्त्यावर नेणारं कुणी नाही. पण पाया आहे. पुण्यातली सीआयआरटी (केंद्रीय रस्ते परिवहन संस्था) एसटी चालकांच्या चाचण्या आणि प्रशिक्षण करते, तिथे मार्ग आहे, प्रशिक्षक आहेत. मुंबई महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत व्यवसायोपचाराचे विभाग आहेत. एका विभागाने एका जिल्ह्यात दुहेरी नियंत्रणाची एक गाडी द्यावी, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

दादा, सक्तीबद्दल: पहिली दोन वर्षं फक्त तिघांसाठी ठेवू. जो स्वतः मागतो, ज्याचा डॉक्टर पाठवतो, आणि ज्याला पक्षाघात किंवा पायाची शस्त्रक्रिया झाली आहे. यंत्राची चिठ्ठी आधी चालकाच्या हातात, मग कार्यालयात.

घाटमाथा_६३

तिसरा गट काढा. शस्त्रक्रिया झालेला ट्रकवाला मग सांगणारच नाही की झाली. आणि फेरतपासणी फुकट, तीस दिवसांच्या आत, तोवर जुनं लायसन्स चालू. एवढं लेखी असेल तर माझ्या मुलाला मी स्वतः त्या पॅडलवर बसवेन.

डॉ_बालाघाट

"तोवर जुनं लायसन्स चालू" याला मी डॉक्टर म्हणून सही देणार नाही. तळव्याची संवेदना पूर्ण गेलेल्या बसचालकाला तीस दिवस शाळेच्या मुलांना घेऊन फिरू द्यायचं का? खासगी कारला चालेल. प्रवासी वाहनाला नाही. आणि त्या तीस दिवसांचा पगार मालकाने किंवा शासनाने द्यावा, ही मागणी करा, मी पहिली सही करतो.