रग्बीपटूंना पैसा कमी मिळतो, हे कोण म्हणतं?

हिशेबनीस
रग्बीच्या चर्चेत एक रड ठरलेली: मार एवढा खायचा आणि मोबदला फुटबॉलवाल्यांच्या पासंगालाही पुरत नाही. माझं मत उलट आहे. खेळ जेवढा कमावतो त्या मानाने खेळाडूंना जास्तच मिळतं.

इंग्लंडच्या प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च रग्बी स्पर्धेत, क्लबला पगारांवर वर्षाला ६४ लाख पौंडांची मर्यादा आहे. कोविडनंतर ती ५० लाखांवर आणली होती, २०२४-२५ पासून पुन्हा वाढवली. कशाच्या जोरावर? २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स हे क्लब बुडाले, २०२३ च्या जूनमध्ये लंडन आयरिश. बाकीचेही बरेचसे मालकांच्या खिशावर तगून आहेत. प्रेक्षक जो पैसा मोजतच नाहीत, तो खेळाडूंनी मागायचा कुणाकडे?

स्क्रमहाफ
साफ असहमत. वॉस्प्सचं उदाहरण तर देऊच नका. त्यांनी कोव्हेंट्रीच्या स्टेडियमसाठी रोखे काढून साडेतीन कोटी पौंड उचलले होते, ते २०२२ मध्ये फेडता आले नाहीत, वर कर थकला. कर्ज काढलं संचालकांनी आणि ठपका खेळाडूंच्या पगारावर?

शिवाय ६४ लाख हा आकडा ऐकायला मोठा. चाळीस जणांत वाटला तर माणशी १ लाख ६० हजार. तेवढेही सगळ्यांना मिळत नाहीत, कारण वरचे चार-पाच जण मोठा घास घेतात आणि अकादमीतून आलेल्या पोराच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. एक तारांकित खेळाडू तर मर्यादेबाहेर ठेवता येतो. स्कॉटलंडचा फिन रसेल बाथ क्लबला आला तेव्हा त्याचा पगार दहा लाख पौंडांच्या घरात असल्याच्या बातम्या होत्या. लोकांना तो दिसतो, बाकीचे दिसत नाहीत.

आणि हे उत्पन्न पस्तिशीच्या आत संपतं. स्टीव्ह थॉम्पसन, २००३ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघाचा हुकर, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू. ४२ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. याची किंमत कुठल्या ताळेबंदात धरलीत?

हिशेबनीस
थॉम्पसनचं वाईट वाटतंच. पण त्यावर उपाय म्हणजे विमा, उपचार, कमी सामने, कमी टक्करींचा सराव. पगार दुप्पट केल्याने डोकं कसं वाचेल?

मर्यादा सैल झाली की काय होतं ते सॅरासेन्स क्लबने दाखवलंय. खेळाडूंसोबत बाजूचे व्यवहार करून मर्यादा ओलांडली, २०१९ मध्ये ५३ लाख पौंडांहून जास्त दंड आणि ३५ गुणांची कपात, मग खालच्या श्रेणीत रवानगी.

फ्रान्सचं उदाहरण येणारच, म्हणून आधीच सांगतो. तिथली मर्यादा एक कोटी युरोंच्या आसपास आहे, पण तिथे कनाल प्लस वाहिनी पैसे ओतते आणि गावोगावची मैदानं भरतात. त्यांनी कमावलं, मग वाटलं.

कोपऱ्यातली
लोक बघतील तेवढाच पैसा, हा न्याय असेल तर तो बायकांनाही लावा. २०२५ च्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर ८१,८८५ लोकांनी पाहिली. इंग्लंडच्या महिलांना पूर्णवेळ करार मिळाले ते थेट २०१९ मध्ये, तेही २८ जणींना. गर्दी नव्हती तेव्हा गर्दीचं कारण, आणि गर्दी झाली की "एकदाच झाली".

हिशेबनीस
एकदाच झाली असं मी म्हणालो नाही. पण क्लबच्या सामन्यांना किती लोक येतात तेही बघा. विश्वचषक चार वर्षांनी येतो, पगार दर महिन्याला.

आडवाटेचा
तुम्ही सगळे श्रीमंतांच्या पंगतीतलं वाढप मोजताय. नोव्हेंबर २०१७, ट्विकनहॅम, इंग्लंड विरुद्ध सामोआ. तेव्हा छापून आलेले आकडे: इंग्लंडच्या खेळाडूला सामन्याचे सुमारे २२,००० पौंड, सामोआच्या खेळाडूला ६५०. तेच मैदान, तीच ८० मिनिटं, तेच टॅकल. सामोआची संघटना दिवाळखोर असल्याचं त्यांचे पंतप्रधान उघड सांगत होते, म्हणून इंग्लिश संघटनेने सदिच्छा म्हणून ७५,००० पौंड दिले. तिकिटांचं उत्पन्न यजमानाचं, ही रीत. लोक फक्त एक संघ बघायला आले होते का? हिशेबनीस, इथे तुमचा बाजाराचा नियम कुठे गेला?

स्क्रमहाफ
+१. पैसा मागितला की खेळाची शान जाते, ही खोड जुनी आहे. १८९५ मध्ये हडर्सफील्डला उत्तरेतले क्लब वेगळे झाले ते याच भांडणातून. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्यांना सामन्यासाठी बुडालेली मजुरी हवी होती, तीही द्यायला नकार. त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळ जन्माला आला. युनियनवाल्यांनी, म्हणजे आपण बोलतोय त्या मूळ रग्बीवाल्यांनी, उघडपणे पैसे देणं मान्य करायला १९९५ चा ऑगस्ट उजाडला. मधली शंभर वर्षं मैदानं भरत होती, तो पैसा कोण मोजत होतं?

हिशेबनीस
पाहुण्या संघाला तिकिटांतला हिस्सा द्या, माझी ना नाही. फक्त तो जाणार इंग्लिश संघटनेच्या गल्ल्यातून. २०२४ च्या करारानुसार तीच संघटना प्रीमियरशिप क्लबांना वर्षाला सुमारे ३.३ कोटी पौंड देते. सामोआला दिले तर इकडे कापावे लागतील, आणि मग स्क्रमहाफ, तुमच्या अकादमीच्या पोराचा पगार पहिला जाईल.

आडवाटेचा
पहिला त्याचाच का? दहा लाखवाल्याचा का नाही?