'इतिहास साहेबाने लिहिला म्हणून खोटा': हे वाक्य जरा तपासूया का?

तळटीप:
'आपला इतिहास साहेबाने लिहिला, म्हणून तो खोटा.' आमच्या सोसायटीत शिवजयंतीला भाषण झालं, त्यातही हे वाक्य होतंच. गंमत म्हणजे भाषण १९ फेब्रुवारीला होतं आणि ही तारीख कुठून आली ते वक्त्याला माहीत नसावं.

ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला तेव्हा महाराजांचा जन्म १६२७चा दिला. मुद्दाम बिघडवून नव्हे. आपल्याच बखरींतून शके १५४९, म्हणजे १६२७, चालत आलेला होता. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली ती जेधे शकावलीतून, म्हणजे जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींतून, जी टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. सरकारी शिक्कामोर्तब व्हायला २००१ उजाडलं. म्हणजे चूक घरची, दुरुस्तीही घरची, आणि शिव्या तेवढ्या साहेबाला.

मग साहेबाचा परिणाम झालाच नाही? झाला ना. पण तो तारखांपेक्षा मांडणीत शोधावा लागतो. जेम्स मिल हिंदुस्थानात कधी आला नाही, इथली एक भाषा त्याला येत नव्हती. तरी १८१७ साली त्याने जाडजूड इतिहास लिहिला आणि तीन कप्पे पाडले: हिंदू, मुसलमानी, ब्रिटिश. पहिल्या दोघांना धर्म, तिसऱ्याला मात्र देश! पुढे पाट्या बदलून प्राचीन, मध्ययुगीन, अर्वाचीन झालं, कप्पे जवळपास तेच राहिले. अठरावं शतक त्यात इंग्रज येण्याआधीची पडझड एवढंच उरतं. पेशवाईत हुंडी कशी चालत होती, गावाचा वसूल कसा ठरत होता, हे 'पडझड' या शब्दाखाली गाडलं जातं.

साहेबाच्या उत्तरांशी आपण पिढ्यानपिढ्या भांडलो. त्याचे प्रश्न मात्र जसेच्या तसे वापरतो आहोत. पटत नसेल तर बोला.

शंकेखोर:
नाही पटत. तुम्ही साहेबाला फार स्वस्तात सोडताय. 'मांडणी' वगैरे सभ्य शब्द ठीक आहेत, पण हेतू होता आणि तो लेखी आहे. हेन्री एलियट कंपनी सरकारचा परराष्ट्र सचिव. १८४९च्या प्रस्तावनेत तो उघड सांगतो की फारसी तवारिखांतले, म्हणजे मुसलमानी राजवटींच्या इतिहासांतले, हे उतारे वाचून प्रजेला आमच्या राज्याचे फायदे कळतील आणि 'बाबू' लोकांची देशभक्तीची बडबड थांबेल. त्याच्या मृत्यूनंतर १८६७ ते ७७ मध्ये त्या उताऱ्यांचे आठ खंड निघाले. काय घ्यायचं नि काय गाळायचं, हे याच हिशेबाने ठरलेलं.

आणि ग्रँट डफ? साताऱ्याला छत्रपतींच्या दरबारी कंपनीचा अधिकारी म्हणून बसलेला माणूस. मराठ्यांचा उदय सांगताना म्हणतो, सह्याद्रीतलं वाळलेलं गवत पेटावं तसे हे पसरले. वणवा! वणव्याला ना विचार असतो ना योजना. रानड्यांना १९०० साली आख्खं पुस्तक लिहून सांगावं लागलं की जमीन आधी तयार झाली होती. त्याच्याही तीसेक वर्षं आधी नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी विद्यार्थीदशेत डफवर टीका लिहिली. त्यांना काय फक्त कप्पे खटकले होते?

आडवातिडवा:
एलियटचा हेतू मान्य. पण साहेबाला सर्वांत जास्त शिव्या देणारेच रोज सकाळी व्हॉट्सॲपवर एलियटचे उतारे फिरवतात, हेही बघा. निवड त्याची, टाळ्या आपल्या.

आता दुसरी बाजू. डफने अफझलखान प्रकरणात दगा महाराजांच्या माथी मारला. तो खोडायला सगळ्यांत भक्कम कागद कोणता मिळाला? डिसेंबर १६५९चं, राजापूरच्या इंग्रज वखारीतल्या रेव्हिंग्टनचं पत्र. प्रतापगडावरच्या खानाच्या वधाला महिना झालेला. तो लिहितो की दहा हजारांच्या फौजेनिशीही शिवाजीपुढे निभाव लागणार नाही हे विजापूरच्या राणीला माहीत होतं, म्हणून मैत्रीचं सोंग कर असा सल्ला तिनेच खानाला दिला. साहेबाचं म्हणून हे पत्रही फेकून देऊ? आणि अशोकाची लिपी १८३७ साली प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने लावली नसती तर ते स्तंभ आपण अजून भीमाची गदा म्हणून दाखवत बसलो असतो.

शंकेखोर:
रेव्हिंग्टन व्यापारी होता. त्याला खरी बातमी हवी होती, कारण चुकीच्या बातमीने त्याचंच बुडालं असतं. डफ राज्य बुडवून झाल्यावर लिहायला बसला. १६५९ची वखार आणि १८२६चा इतिहासकार एकाच तागडीत घालू नका. 'साहेब' हा काही एकच माणूस नाही.

गंमतजंमत:
विसाव्या प्रतिसादापर्यंत धागा पानिपतावर जाणार. लिहून ठेवा.

मोडीवाली:
मी पेशवे दफ्तरातले कागद थोडेफार वाचलेत, म्हणून लिहिते. रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडला की आतून हिशेब, याद्या, ताकीदपत्रं निघतात. पहिले दोन दिवस तर 'किता' आणि 'पैकी' एवढंच वाचता येत होतं. एवढा ढीग टिकला कसा, तर १८१८ नंतर कंपनीला इनामं आणि वतनं तपासायची होती. पुढे त्याच चौकशीसाठी इनाम कमिशन आलं. कागद हा हक्काचा पुरावा, म्हणून जपला. आता यातला वाकडेपणा बघा. ज्याचं इनाम, त्याचा कागद. ज्याच्याकडे वीतभर जमीन नव्हती तो वेठबिगारीत दिसतो किंवा गुन्हेगारीच्या दंडात, नाहीतर दिसतच नाही. यासाठी एलियटसारखा दुष्ट हेतू लागत नाही.

शिवाय हे दफ्तर अभ्यासकांना बराच काळ बंदच होतं. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवर कागद शोधत फिरले. १८९८ साली त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला, एकूण बावीस झाले. पण माळा असलेला वाडा कोणाचा होता, हाही प्रश्न आहेच की.

कोपऱ्यातला:
मोडीवालींनी बरोबर जागी बोट ठेवलं. 'आपला इतिहास' म्हणताना 'आपला' म्हणजे कोणाचा? फुल्यांनी १८६९ला महाराजांवर पोवाडा रचला, १८७३ला 'गुलामगिरी' लिहिली. आर्य बाहेरून आले ही युरोपियनांची थिअरी त्यांनी उचलली आणि भटशाहीवर उलटवली. टिळकांनी १९०३ साली तेच आर्य उत्तर ध्रुवावरून आणले. दोघांचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध, माल एकाच दुकानातला. त्यात फुल्यांना तेवढं 'साहेबाचे' म्हणायचं आणि टिळकांना नाही, हा हिशेब मला आजवर कोणी समजावून दिलेला नाही.

शंकेखोर:
कोपऱ्यातले, याला उत्तर नाही माझ्याकडे. पण तळटीप, तुमचं 'प्रश्न तसेच ठेवले' मात्र चूक आहे. सरदेसायांनी आपल्या 'रियासत' या इतिहासग्रंथांत मुसलमानी आणि ब्रिटिश रियासतींच्या मध्ये मराठी रियासत घातली. मिलकडे हा खण नव्हता. आणि कप्पेच नकोत तर पोरांच्या पुस्तकात धडे कसे पाडणार? पर्याय द्या.

तळटीप:
वखार आणि डफ यांतला फरक मान्य, तो मी करायला हवा होता. सरदेसायांचं मात्र नाही मानत. खण नवा, कपाट मिलचंच.

पर्याय विचारलात म्हणून सांगतो. मी १८१८ला रेघ ओढणार नाही. पेशवाई गेली त्या दिवशी कुणब्याच्या बांधावर काय बदललं? मी रेघ ओढेन १८३६ला, इंदापुरात. तिथे गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनीच्या अधिकाऱ्यांची जमीनमोजणी सुरू झाली आणि सारा थेट खातेदाराच्या नावावर, तीस वर्षांसाठी बांधून द्यायची पद्धत बसली. गावाची एकत्र जबाबदारी तिथे सुटत गेली.

मोडीवाली:
म्हणजे फिरून साहेबाच्याच फायलीत शिरलात.

तळटीप:
शिरलो. पण त्या सुमारास गावचा कुलकर्णी मोडीत काय लिहीत होता तेही शेजारी ठेवायचंय. ते मला वाचता येत नाही. तुम्हाला वेळ कधी आहे?